मुरुमच्या तळ्यातली गुराब

मी जहाजं बनवून पोट भरलं असं सांगितलं की समोरचा माणूस माझं गाव विचारतो. गाव मुरुम, तालुका उमरगा, असं सांगितलं की तो पुन्हा धंदा विचारतो. आपल्या ऐकण्यात काही गफलत झाली असं त्याला वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही. आमच्या भागात पाण्याशी संबंध असलेलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे पखालीचा रेडा.

जुन्या जहाजांच्या हुबेहूब लहान प्रती तयार करणं हे माझं काम. संग्रहालयं, मोठ्या कचेऱ्या, हौशी श्रीमंत, सगळ्यांकडं माझी जहाजं काचेच्या पेटीत उभी आहेत. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. एका बड्या साहेबांनी शिवकाळातलं गलबत मागवलं आणि ते बघून विचारलं, धुराडं कुठं आहे? त्या काळी शीड होतं, धुराडं नव्हतं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "ते असू द्या हो, पण धूर नसला तर जहाज चालू आहे हे कळणार कसं?" एका बाईंनी जहाजाचं तोंड दाराकडं नको म्हणून हट्ट धरला, लक्ष्मी बाहेर जाते म्हणे. मी पेटी उलटी फिरवून ठेवली. लक्ष्मी घरात राहिली आणि मी घरी आलो.

संपादकांनी कारकिर्दीबद्दल लिहा म्हणून सांगितलंय. कारकीर्द राजाची असते, सुताराची नुसती कामं असतात. त्यातलं पहिलं काम सांगतो, कारण साध्या, सरळ सुतारकीतून मला त्यानंच उठवलं.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दूर कुठंतरी मोठी लढाई पेटलेली होती. मी पंचविशीचा. बाजारपेठेच्या टोकाला माझं दुकान होतं आणि त्यात बैलगाड्या, नांगर, तिफणी, पाळणे, चौकटी असली कामं चालायची. एका दुपारी खाजगी शाळेचे सारंग मास्तर दुकानात आले, लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "बसवंत, मला एक गुराब बांधून दे."

मला वाटलं, कोंबड्यांचं खुराडं मागतायत. म्हटलं, "किती कोंबड्या हैत मास्तर?"

मास्तर साठीला आलेले, मालवणकडचे. गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, दोन डोलकाठ्यांचं, पुढं लांब चोच काढलेलं. त्यांच्या पणजोबांची अशी एक गुराब होती. मास्तरांच्या लहानपणी तिचा सांगाडा किनाऱ्यावर ओढून ठेवलेला होता आणि ते त्यातच खेळत वाढले. पुढं भावांनी तो सांगाडा फोडून गोठ्याला तुळया केल्या. मास्तरांनी भावांचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली आणि समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं जात जात मुरुमला येऊन थांबले. लग्न केलेलं नव्हतं. जगात त्यांना आमची शाळा आणि रेवणप्पा सावकारांच्या वाड्यातली एक खोली, एवढंच होतं. ती गुराब पाण्यावर त्यांनी कधीच बघितली नव्हती. एकदा तिला पाण्यात उभी बघायची, एवढं एकच त्यांचं मागणं होतं.

लाकडाची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. रेवणप्पा सावकारांची सासुरवाडी विजापूरकडची. तिकडं देवाचा तेप्पा निघतो, म्हणजे देवाला तराफ्यात बसवून तळ्यात फिरवतात. आपल्या महादेवाचाही तेप्पा निघावा असं सावकारांच्या मनात होतं. तराफ्यापेक्षा गुराब शोभून दिसेल, हे मास्तरांनी त्यांना पटवलं होतं आणि लाकूड सावकारांनी कबूल केलं होतं.

"ते समदं ठीक हाय," सावकार म्हणाले, "पर देवाला आठ तोफा कशापायी?"

"सलामीला," मास्तर म्हणाले.

सावकारांना ते आवडलं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, फार अवघड नाही. लहान जहाज करायचं तर प्रत्येक वस्तू एकाच हिशोबानं लहान करावी लागते. मास्तरांनी मला हिशोब दिला, रुपयाला आणा. खरं जहाज सोळा फूट असेल तिथं आपलं एक फूट. त्यांची गुराब चौसष्ट फूट होती म्हणून आपली चार फूट. सावकारांनी लगेच विचारलं, "रुपया हाली का कलदार?" हाली म्हणजे निजामाचा आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा, आणि दोन्हींचा भाव वेगळा. दोन्हींचे आणे सोळाच असतात, हे मास्तर त्यांना समजावून थकले. शेवटी, देवाचं काम आहे तर कलदारच धरा, असं सावकारांनी बजावलं आणि आम्ही बरं म्हणालो.

मापं मिळवणं हे खरं कष्टाचं काम. हल्ली त्याला संशोधन म्हणतात. मास्तरांजवळ चित्र नव्हतं, कागद नव्हता, त्यांच्याजवळ होतं ते नुसतं लहानपण. "इथं माझं कपाळ आपटायचं," एवढं सांगून ते हवेत हात धरायचे. कपाळ आपटायचं ते वयाच्या सातव्या वर्षी. म्हणून त्यांनी शाळेतली सात वर्षांची सगळी पोरं ओळीनं भिंतीशी उभी केली, कपाळांच्या उंचीच्या खुणा केल्या आणि त्यांची सरासरी काढली. आमच्या गुराबीच्या तक्तपोशीची, म्हणजे वरच्या फळ्यांच्या मजल्याची, उंची म्हणजे मुरुमच्या पोरांचं सरासरी कपाळ आहे. संग्रहालयातल्या विद्वानांना मी हे कधी सांगितलं नाही.

जहाजाच्या तळाशी पुढून मागपर्यंत जाणारं जे मुख्य लाकूड असतं त्याला कोकणात पठाण म्हणतात. मला काय माहीत? सावकारांच्या देवडीवरचे खानसाहेब रोज दुपारी माझ्या दुकानात तंबाखू खायला बसायचे. मास्तर आले आणि त्यांच्या समोरच म्हणाले, "बसवंत, आधी पठाण आडवा पाडायचा. मग त्याला दोन्ही अंगांनी भोकं पाडायची." खानसाहेब तंबाखूची डबी तिथंच टाकून उठले. त्यांची समजूत घालायला सावकारांना मध्ये पडावं लागलं. गाभ्याची बाभूळ त्या पठाणाला लावली आणि फासळ्यांना बाभळीच्याच वाकड्या फांद्या निवडल्या. वरच्या सागाच्या फळ्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून वाकवल्या. शिडाला मांजरपाट, दोरांना मेण लावून पिळलेलं सूत. तोफा तांबटानं पितळेच्या करून दिल्या.

पुढं मास्तर म्हणाले, "नाळेला नांगर लटकव." नाळ म्हणजे पुढचं टोक, एवढं मी एव्हाना शिकलो होतो. नांगर मला कुणी शिकवायची गरज नव्हती, माझ्या बापजाद्यांनी तेच केलं होतं. मी रुपयाला आणा या हिशोबानं वीतभर नांगर केला. हाळीस, रुमणं, लोखंडी फाळ, काही सोडलं नाही. माझ्या हातून त्याच्याइतकं सुबक काम पुन्हा झालं नाही. नाळेला दोरीनं टांगला.

मास्तर आले. नाळेपाशी वाकले. "हे काय आहे?"

"नांगर."

"अरे, नांगर म्हणजे जहाज एका जागी थांबवायचा. आकडे असलेला. पाण्यात टाकायचा."

"मास्तर," मी म्हटलं, "नांगर चालवायला असतो. थांबवायला बैल असतेत."

त्यांनी कपाळाला हात लावला. ज्यानं जमीन उलथायची आणि ज्यानं जहाज रोखायचं, त्या दोघांना मराठीनं एकच नाव का दिलं, यावर आम्ही संध्याकाळपर्यंत बोललो. खरा नांगर कसा असतो त्याचं चित्र ते काढून देणार होते. तोवर माझा तिथंच लटकत राहिला.

त्याच सुमाराला बाजारात बोलवा उठली की मुरुमात जंगी जहाज बांधतेत. लढाईचे दिवस. कुणी म्हणालं जर्मनचं, कुणी म्हणालं जपानचं. उमरग्याला पोचेपर्यंत त्याच्यावर शंभर माणसं चढली होती. मग एके सकाळी पोलीसचे अमीनसाहेब, म्हणजे तिकडचे फौजदार, शिपाई घेऊन माझ्या दुकानी आले. सावकार आणि मास्तर पाठोपाठ आले.

"किधर है वो जहाज?" अमीनसाहेबांनी विचारलं. उकडत होतं, त्यांनी टोपी काढून समोरच्या डोलकाठीवर अडकवली आणि मागच्या अंगणात गेले. शिपायांनी गोठा बघितला, कडब्याची गंजी उपसली. एकजण आडात वाकून आला आणि म्हणाला, "हुजूर, आड में बी नहीं है."

"इत्ता बडा जहाज गया किधर?"

"साहेब," मी म्हटलं, "तुमची टोपी त्येच्यावरच हाय."

अमीनसाहेब वळले. जहाजाकडं बघितलं, टोपीकडं बघितलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. माणूस मोकळ्या स्वभावाचा होता. "अरे, ये तो खिलौना है. चाय मंगाव जी."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण मास्तर पुढं आले आणि म्हणाले, "खेळणं नाही साहेब. ही लढाऊ गुराब आहे."

"लढाऊ?"

"आठ तोफांची."

"तोफां चलते?"

"नळ्या पोकळ आहेत," मास्तर म्हणाले. "चालायला हरकत नाही."

मी डोळे मिटून घेतले. सावकार इष्टलिंगाला हात लावून उभे होते.

"किससे लडता था ये?"

"इंग्रजांशी."

अमीनसाहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. इंग्रज सरकार म्हणजे त्यांच्या सरकारचे दोस्त. ते मास्तरांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागले, पण दुकान एवढंसं, सगळं ऐकू येत होतं. "देखो मास्टर साहब, तुम गैरमुलकी आदमी. बाहेरचे. उपर से पूछा तो मेरे कू तुम कू सोलापूर की सरहद पे छोडना पडता. एक दफा खिलौना बोल दो. मैं चाय पीके जाता."

"मास्तर, बोला की," सावकार म्हणाले. "एक शबुद हाय. काय जातंय तुमचं?"

सरहद्दीपलीकडं मास्तरांना कुणी नव्हतं. ज्या भावांचं तोंड बघायचं नव्हतं तेच तेवढे होते. हे त्यांनाही कळत होतं. तरी ते म्हणाले, "माझ्या पणजोबांच्या गुराबीला मी खेळणं म्हणणार नाही." मला त्यांचा भयंकर राग आला. आणि तेव्हाच मला कळलं की या माणसाला गावातून जाऊ देणं मला जमणार नाही.

अमीनसाहेब उसासा टाकून टोपी घ्यायला वळले आणि त्यांचं लक्ष नाळेकडं गेलं. "ये सामने क्या लटक रा?"

"नांगर, साहेब," मी म्हटलं.

"नांगर? हल? जंगी जहाज पे हल?"

मास्तरांनी तोंड उघडलं. ही या सुताराची चूक आहे, हे ते आता सांगणार, हे मला दिसत होतं. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं आणि आपल्या जहाजावर खोटी वस्तू सहनही होत नव्हती. मी हात जोडले. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या त्या सुबक नांगराकडं बघितलं. मग म्हणाले, "गुराबीला नांगर लागतोच, साहेब. नांगर नसला तर ती एका जागी टिकायची नाही."

त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

अमीनसाहेबांचा चेहरा उजळला. ते खेडेगावात वाढलेले, शेती करणारा माणूस एका जागी टिकतो हे त्यांना लगेच पटलं. "हौ, बरोबर है. जिस पे हल है वो लडाई का नहीं." सावकारांनी तेवढ्यात पुढं होऊन हा देवाचा तेप्पा आहे अशी भर घातली. अमीनसाहेबांनी दोन्ही गोष्टी मनात जुळवल्या आणि निवाडा दिला. जत्रेच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, देव बसवून हे जहाज तळ्याच्या या काठाहून त्या काठाला जाऊ दे. गेलं तर देवाचं, मास्तर राहतील. नाही गेलं तर त्याचा दुसरा काही उपयोग आहे असं धरावं लागेल, आणि मास्तरांना सोलापूरच्या मोटारीत बसवावं लागेल.

आकड्यांचा खरा नांगर मी नंतर करून ठेवला होता. पण अमीनसाहेबांच्या दफ्तरात हल लिहिला गेलेला, तो काढणार कोण? मास्तर जहाजापाशी आले की नाळेकडं पाठ करून बसत.

तयारी झाली, पण गुराब पाण्यात घालून बघायला मिळाली नाही. उन्हाळ्यात नदी कोरडी, चार फुटांची वस्तू जनावरांच्या हौदात मावेना, आणि देवळामागच्या तळ्यात देवाच्या आधी काही सोडायचं नाही असं पुजाऱ्यांनी बजावलेलं. पुढं आयुष्यभर मी जी जहाजं केली ती थेट पेटीत गेली, त्यांना पाण्याला तोंड द्यावं लागलं नाही. गिऱ्हाईक खूश व्हायचं. माझ्या मनात मात्र दर वेळी राहून जायचं की हे तरंगलं असतं का.

जत्रेच्या दिवशी तळ्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. अमीनसाहेब पलीकडच्या काठाला खुर्ची टाकून बसले. मास्तर स्वच्छ धोतर नेसून आले होते. पुजाऱ्यांनी पंचधातूची उत्सवमूर्ती आणली आणि तेव्हा मला आमच्या हिशोबातली चूक दिसली. त्या गुराबीवर उभा करायचा माणूस आमच्या हिशोबानं चार बोटांचा. देव चांगला हातभर, प्रभावळीसकट. सगळं जहाज आण्याचं केलं होतं आणि देव रुपयाचाच होता.

मी सावकारांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "आता देवाला ल्हान करतूस का?"

मूर्ती तक्तपोशीवर ठेवली, हार घातला, गुराब पाण्यात सोडली. ती जरा पुढं गेली आणि डाव्या अंगाला कलली. शीड पाण्याला टेकायला आलं. बायका "शिव शिव" म्हणू लागल्या, वाजंत्री थांबली. पुजारी पायरीवरूनच हात पुढं करून उभे राहिले, त्यांना पोहता येत नव्हतं. मला दिसलं की आता देवही जाणार आणि मास्तरही जाणार.

मास्तर धोतरासकट पाण्यात उतरले. छातीभर पाण्यात गुराबीच्या पोटाखाली एक हात घातला, दुसऱ्या हातानं कड धरली, तिला सरळ केलं आणि चालायला लागले. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. म्हातारा पुढं ओढतोय, वर महादेव डोलतोय, आठ तोफा उन्हात चमकतायत आणि नाळेला नांगर हलतोय.

गुराब मध्यावर आल्यावर अमीनसाहेब खुर्चीतून उठले. "मास्टर साहब," त्यांनी मोठ्यानं विचारलं, "जहाज चल रा, या तुम चल रे?"

मास्तर धापा टाकत थांबले. "साहेब, वारा पडला की गुराब आपल्या बळावर जात नाही. तेव्हा लहान गलबतं पुढं होऊन तिला ओढून नेतात. आमच्या आरमाराची रीतच आहे ती." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आज वारा नाही. आज गलबत मी आहे."

वारा खरंच नव्हता. अमीनसाहेबांनी ओलं बोट वर धरून खात्री करून घेतली. मग खुर्चीत बसले आणि गुराब काठाला लागेपर्यंत बसून राहिले. लागल्यावर शिपायाला म्हणाले, "लिख. जहाज पार हुआ. मास्टर साहब यहींच रहेंगे."

पुजाऱ्यांनी मूर्ती उचलून पालखीत ठेवली, एकच गजर झाला. अमीनसाहेबांना प्रसादाला बोलावणं आलं, सावकार डोळे पुसत पालखीबरोबर निघाले, आणि बघता बघता सगळी गर्दी देवामागं देवळात गेली. तळ्यावर कुणी उरलं नाही. मास्तर अजून पाण्यातच होते. दमले असतील, त्यांना आणि गुराबीला वर घ्यावं म्हणून मी धोतर खोचून पायऱ्या उतरलो.

मास्तरांचे दोन्ही हात पाण्याच्या वर होते. गुराब त्यांच्यासमोर कुणाच्या आधाराशिवाय उभी होती. देवाचं ओझं उतरलं होतं आणि दोन्ही डोलकाठ्या ओळंब्यात असाव्यात तशा सरळ होत्या. ती पाण्यावर किंचित खालीवर होत होती. मी जवळ गेलो आणि सवयीनं हात पुढं केला.

"बसवंत," मास्तर माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "हात लावू नको."